मागच्या चाकाचा नट

हुमनाबादचा आमचा मेकॅनिक काम करताना येशूची कन्नड गाणी गुणगुणतो. गाणं थांबलं की समजावं, गाडीचं काही खरं नाही.

एका रविवारी तो चर्चच्या पांढऱ्या शर्टातच बस पकडून आमच्या गावी, निर्ण्याला हजर!

“काल तुमच्या मागच्या चाकाचा नट आवळलो का न्हाई, ध्यानातच येईना सर. प्रार्थनेला डोळे मिटलो की नटच दिसायलाय.”

“अण्णा, फोन करायचा की!”

“फोनवर नट आवळता येतंय व्हय?”

पाना लावून बघितलं, तर नट घट्टच होता. मी हसलो. तोही हसला आणि गुणगुणत स्टँडकडे निघाला.

मी शाळामास्तर. घरात आलो आणि न वाचताच गुण दिलेल्या पेपरांचा गठ्ठा गुपचूप पुन्हा उघडला.