रंगमहालापर्यंत जाऊन येणे

लाल किल्ल्याचा मला मनापासून कंटाळा आला आहे. लोक कुठून कुठून तो बघायला येतात, उन्हात तिकिटाच्या रांगा लावतात, आणि मला लाहोरी दरवाजा दिसला की नुसते पाय जड होतात. यात किल्ल्याचा काही दोष नाही. दोष असलाच तर माझ्या लग्नाचा, म्हणजे न झालेल्या.

आमच्याकडे मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम लाल किल्ल्यात होतो. ही कल्पना बाबांची. त्यांनी केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीतच जन्म घालवला. माझ्यासाठी पहिलं स्थळ आलं तेव्हा त्यांनी आईला बजावलं, "आपली मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन परक्यांसमोर उभी राहणार नाही." महाराष्ट्रातून येणाऱ्या मंडळींना दिल्ली बघायचीच असते. तेव्हा त्यांना किल्ला दाखवावा, हिंडता हिंडता मुलामुलीने बोलून घ्यावं. जमलं तर सगळ्यांनी आमच्या घरी जेवायला यावं. नाही जमलं तर कुणाला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, किल्ला तरी बघून झाला. तेव्हा मला बाबांचा केवढा अभिमान वाटला होता! आता मी चाळिशीला टेकले आहे, नोएडाच्या एका ऑफिसात लोकांच्या रजा मंजूर करते, आणि वाटतं, पोहे परवडले असते. घरच्या घरी आटपलं असतं.

बाबांनी किल्ल्याचा अभ्यास केला तो माझ्यासाठीच. आधी त्यांनाही फारसं काही माहीत नव्हतं. मग पाहुण्यांनी विचारलं तर उत्तर हवं म्हणून ते वाचत गेले, आणि वाचता वाचता त्या बादशहाच्या घरात पुरते अडकले. छत्ता चौकाचा छपराखालचा बाजार आला की ते सांगणार, इथे दरबारातल्या लोकांसाठी रेशीम आणि जडजवाहीर विकायला असायचं. आता तिथे पर्सा आणि फ्रिजला चिकटवायचे ताजमहाल मिळतात. नौबतखान्याशी सांगणार, वर वाद्यं वाजायची आणि इथे भल्याभल्यांना हत्तीघोड्यावरून उतरावं लागे. हे सांगताना ते मुलाच्या वडिलांकडे का बघतात कोण जाणे. दिवाण-ए-आमच्या लाल खांबांवर हात ठेवून म्हणणार, "हे सगळं पांढरं होतं बरं का! चुन्याचा असा घोटीव गिलावा, की संगमरवर वाटावा. आज आपण बघतो ते आतलं अंग." हे वाक्य मला फार आवडायचं. आता तेही ऐकवत नाही.

दिवाण-ए-आमच्या मागे मोठी हिरवळ आहे आणि तिच्या पलीकडे, अगदी समोर, रंगमहाल. वडीलधारी मंडळी अलीकडे बसतात. बाबा म्हणतात, "तुम्ही दोघं जरा रंगमहालापर्यंत जाऊन या." मग आम्ही दोघं हिरवळीच्या कडेने चालत जातो. एकेकाळी इथे राण्या राहायच्या. जमिनीत कोरलेलं संगमरवरी कमळ आहे, त्यातून पाणी खेळायचं, आणि उन्हाळ्यात राण्या खालच्या तळघरात जाऊन बसायच्या. जनानखान्याचा बराचसा भाग इंग्रजांनी पाडला, शेजारी बराकी उठवल्या. मागून यमुना वाहायची, तिथून आता रस्ता जातो. कमळ कोरडं. त्या कोरड्या कमळाशी उभं राहून मी किती जणांना माझे छंद सांगितले असतील, देव जाणे. एक जण सगळा वेळ फोनवर शेअर बाजार बघत होता. एकाने विचारलं, इतकी वर्षं दिल्लीत राहून तुम्हाला वरणफळं येतात का. मला येत नाहीत, आणि मी ते जरा गुर्मीतच सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात मानेसरच्या मोटारींच्या कारखान्यात काम करणाऱ्या एकाचं स्थळ आलं. घटस्फोट झालेला. आईवडील नाशिकहून त्याच्याकडे आले होते. त्या दिवशी जाताना मेट्रोतच मी ठरवलं होतं, आज बाबांना सांगायचं, हे शेवटचं. यापुढे मी येणार नाही. लग्न नको म्हणून नव्हे; असं निवडून घेतलं जाणं नको. इतकंच सांगायचं होतं. हे कार्यक्रम थांबले तर बाबांचं काय होईल, मला कळत नव्हतं.

माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत. कमळाशी उभा राहून तो सरळ म्हणाला, "खरं सांगू? मला आता शोधायचा कंटाळा आलाय. आईबाबाही दमलेत. तुम्हाला चालत असेल तर मला चालेल." मला त्याच्याबद्दल माया वाटली. आणि हो म्हणायची माझीही कारणं अगदी हीच असतील, हे लक्षात येऊन भीती वाटली. "विचार करते," म्हणाले आणि परत फिरले.

त्याने त्याच्या आईच्या कानात काहीतरी सांगितलं आणि सगळे खुलले. दिवाण-ए-खासशी बाबांनी नेहमीप्रमाणे आवाज खाली आणून सांगितलं, की इथलं मूळ छत चांदीचं होतं आणि ते पानिपताच्या आधी आपल्याच फौजेने उतरवून वितळवलं. यावर काही पाहुणे मान ताठ करतात, काही बुटांकडे बघतात. मुलाचे वडील मात्र खो खो हसले आणि म्हणाले, "चला, म्हणजे आपण आधीपासून येऊन-जाऊन आहोत इथे! आज जेवायला तुमच्याकडेच."

परतताना ती मंडळी छत्ता चौकात बांगड्या बघायला पुढे गेली. बाबा आणि मी नौबतखान्याच्या पायऱ्यांवर बसलो. आईला कळवायला त्यांनी फोन काढला.

"बाबा, नको," मी म्हणाले. "मला नाही करायचं हे लग्न. आणि यापुढे मी इथे येणार नाही. प्लीज, कुणालाच बोलवू नका आता."

त्यांनी फोन खिशात ठेवला. रागावले नाहीत. म्हणाले, "अच्छा. त्यांच्याशी मी बोलतो. तू पुढे हो."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी बसूनच राहिले.

"तुम्हाला राग नाही आला?"

"मला कळायचं गं," ते म्हणाले. "तू रंगमहालाकडून परत यायचीस ना, हिरवळीच्या त्या टोकापासून तुझी चाल दिसायची. तू जवळ यायच्या आधीच मला उत्तर कळलेलं असायचं. दर वेळी."

"मग आजही कळलं असेल."

"नाही," बाबा म्हणाले. "आज मी तिकडे पाठ करून बसलो होतो."