मिस्ड कॉलवर येणारी रिक्षा उचलून नेली

मंडळी, आमच्या ह्यांच्या पायाला साखरेची जखम हाय. दर सोमवारी कोल्हापुरात शाहूपुरीला पट्टी बदलायला न्यावं लागतं. गल्लीत बस येत न्हाय. शिवा वडाप करतो, म्हंजे रिक्षात सीटवर माणसं नेतो. त्याला एक मिस्ड कॉल दिला की एक सीट, दोन दिले की दोन, अशी आमची रीत.

आज दोन दिले. शिवाचाच फोन आला, "आजी, नगरपालिकेनं रिक्षा उचलून नेली."

मी तडक नगरपालिकेतल्या साहेबाकडं गेले. म्हणाला, "मोबाईलवर सीट धरायचा नियमच नाही, आजी."

"मग करा की. ब्रेक तपासा, किती माणसं बसवायची ते ठरवा. कोण नको म्हणतंय?"

"वर कळवतो."

पट्टी तशीच राहिली. जखमेला वास सुटलाय.

तुमच्या गावात नवं काय निघालं की आधी नियम करत्यात, का आधी बंद?