रखमाबाईंची मिठाची बरणी

राई गावच्या रखमाबाईंची अर्धी हयात मिठागरात गेली. अनवाणी पायांनी वाफे तुडवले, डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहिल्या आणि साठीतच दोन्ही गुडघे सुजून बसले. डॉक्टरांनी सूज उतरवणारी गोळी दिली, रोज एक. शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी विनिता दर महिन्याला बेव्हर्ली पार्कमधल्या आपल्या घरून गोळ्या पोचवायची. पाच वर्षं.

दोन वर्षांपूर्वी तपासणीत मूत्रपिंडं थकलेली दिसली आणि डॉक्टरांनी गोळी थांबवली. त्यानंतर आई विसरू लागली. आधी गॅस, मग घराची वाट, मग माणसं. विनिता तिला आपल्याकडे घेऊन आली. सोबत कपड्यांची पिशवी आणि खड्या मिठाची मोठी बरणी. बरणीला आई कुणाला हात लावू देईना.

मग एकदा विनिताच्या वाचनात आलं, की अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश थोडा कमी आढळला. ती तडक दवाखान्यात गेली.

"गोळी बंद केली म्हणून झालं का हे?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"ताई, हा आजार आतल्या आत कितीतरी वर्षं आधी सुरू होतो. आणि कमी आढळला म्हणजे गोळीनंच टळला असं होत नाही. काही अभ्यासांत तर उलटंही दिसलंय."

ऐकताना पटलं. पण आईला भरवताना रोज तेच मनात यायचं, आपण डॉक्टरांशी थोडं भांडलो असतो तर.

रविवारी दुपारी घरातलं मीठ संपलं. आई झोपलेली बघून विनितानं बरणीत हात घातला. वर चार बोटं मीठ, खाली नुसत्या गोळ्या. तळाच्या ओल धरून पिठासारख्या झालेल्या. ज्या गोळीपायी तिचं मन तिला खात होतं, ती आईच्या पोटात जवळजवळ गेलीच नव्हती. सुजलेले गुडघे घेऊन बाई रोज "घेतली गो" म्हणत राहिली होती.

"बाय, त्या घेव नको," मागून आई म्हणाली. "माज्या विनीच्या हायेत."

"विनीच्या?"

"दिवसभर साळंत उभी रहाते. म्हातारपनी तिचं गुडघं दुखतील. मिठात कायपन नासत न्हाय." मग तिनं विनिताचा चेहरा निरखून पाहिला. "तू वळखतेस तिला?"

"ओळखते," विनिता म्हणाली. तिनं झाकण घट्ट लावलं आणि बरणी आईच्या मांडीवर ठेवली.