तीन नंबरचा पंप

कात्रजजवळच्या सरकारी पंपिंग स्टेशनात कोंडीराम सतरा वर्षं टेक्निशियन होता, ठेकेदाराच्या नावावर. कायम करायचं नाव कुणी काढलं नाही, ते राहू द्या. ठेकेदार सहा झाले. दरवेळी शर्टाचा रंग नवा, पंप तेच. सातव्याला पन्नाशीचा माणूस नको होता. मग कोंडीराम कर्वेनगरात एका सोसायटीची लिफ्ट सांभाळू लागला.

तरी रोज सकाळी जुना सोबती शंभू फोन लावून मोबाइल तीन नंबरच्या पंपाजवळ धरायचा. कोंडीराम डोळे मिटून ऐकायचा. “बेअरिंग कुरकुरतंय. ग्रीस भर.”

परवा मात्र फोनवर काहीच ऐकू येईना.

“अण्णा, नवा पंप बसवला. अजिबात आवाज करत नाही बघा!”

“बरं झालं,” कोंडीराम म्हणाला. मग त्याने विचारलं, “उद्या फोन करशील ना?”

“उद्या? कशाला, अण्णा?”