संध्याकाळी वर येणारा तळ

"रायपुरात कुठे आला समुद्र?" असं कोणी विचारलं की समुंदरमामा त्याच्या पायाखाली बोट दाखवत. पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत फर्शी आहे, आसपासच्या खाणींतून निघते तीच, करडी, पावसात निसरडी होणारी. "तू कशावर उभा हायस? समुद्राच्या तळावर उभा हायस, अन् मले विचारून राहिला समुद्र कुठे हाय." विचारणारा हसायचा, मामा हसत नसत. फार फार पूर्वी इथे खरोखर उथळ समुद्र होता, त्याच्याच गाळाचा हा दगड. पण मामा ते अशा सुरात सांगत, जणू तो समुद्र कोणीतरी त्यांना न विचारता उचलून नेला होता.

ते माझे सख्खे मामा नव्हते. शेजारी राहायचे, आईने एका वर्षी राखी बांधली आणि नातं पक्कं झालं. वडील रेल्वेत, भाऊ रेल्वेत, पण हे मात्र समुद्राची पाहणी करणाऱ्या एका जहाजावर इको साउंडर चालवायला गेले. जहाजाच्या बुडातून पाण्यात आवाज सोडायचा आणि तो खाली आपटून परत यायला किती वेळ लागतो त्यावरून खोली काढायची, हे त्या यंत्राचं काम. जुनी यंत्रं कागदाच्या लांबच लांब पट्टीवर रेघ ओढत जायची. निवृत्त होताना मामांनी रद्दीत निघालेली अशी एक गुंडाळी रीतसर मागून घेतली आणि गावी येऊन मिक्सर, पंखे दुरुस्त करत बसले.

माणसं आपली फजिती लपवतात. मामा आपली फजिती ओळख झाल्यावर पाच मिनिटांत सांगत. जहाजावर नवीन असताना एका संध्याकाळी त्यांना कागदावर तळ वर येताना दिसला. पाणी हजारो मीटर खोल, आणि रेघ म्हणते चारशे, मग तीनशे, मग त्याहून वर. मामा धावत गेले आणि नकाशात नसलेला डोंगर समोर आलाय म्हणून त्यांनी चक्क जहाज थांबवायला लावलं. कप्तान तणतणत खाली आला. एका जुन्या ऑपरेटरने यंत्राचं बटण फिरवून आणखी खालचा आवाज कागदावर घेतला, तेव्हा खरा तळ खोल, जागच्या जागी होता. वर येत होते ते जीव होते. बोटाएवढे मासे, कोळंबी, जेलीसारखे लिबलिबीत प्राणी. दिवसा ते खोल अंधारात थर करून राहतात, सूर्य कलला की खायला वर येतात आणि उजाडायच्या आत परत खाली जातात. त्यातल्या पुष्कळ माशांच्या पोटात हवेची बारकीशी पिशवी असते, तिच्यावरून आवाज माघारी फिरतो. थर इतका दाट, की यंत्राला तोच तळ वाटतो.

"म्या जहाज थांबवलं होतं," मामा अभिमानाने सांगत, "तुमच्यातल्या कोणी समुद्रासाठी स्कूटर तरी थांबवली काय?"

त्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला. संध्याकाळी दिसलेला तळ तासभर पाहिल्याशिवाय वहीत लिहायचा नाही. हा नियम त्यांनी जहाजावरून उतरल्यावरही सोडला नाही. दहावीच्या सराव परीक्षेत गणितात आपटले तेव्हा मी संध्याकाळी त्यांच्याकडे रडत गेले, तर ते पंख्यातून मानही वर न करता म्हणाले, "तासभर थांब, मग रड." तासाभरात मला भूक लागली. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता, हेही सांगून टाकते.

अकरावीत मी ठरवलं की समुद्राचंच शिकायचं. बाबा सिलतऱ्याच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते, आणि मी डिप्लोमा करून तिथेच ऑफिसात लागावं असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. बऱ्याच धुसफुशीनंतर त्यांनी एक अट घातली. बारावीला जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनातून राज्य पातळीवर निवड झाली तर समुद्राचा फॉर्म भर, नाहीतर डिप्लोमा. मी हो म्हटलं. मामांच्या गुंडाळीवरून चोवीस तासांचा मोठा तक्ता काढला. खाली खऱ्या तळाची काळी रेघ, वर तो करडा थर, संध्याकाळी चढणारा आणि पहाटे उतरणारा.

परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ वयाने मोठे होते आणि त्यांना घाई होती. तक्ता त्यांना आवडला. फक्त तो करडा पट्टा म्हणजे यंत्राचा बिघाड आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. समुद्राच्या मधोमध असं काही तरंगत नसतं, ते पांढऱ्या कागदाने झाका, मी पुन्हा येतो तोवर तक्ता स्वच्छ दिसू द्या, तुमची निवड पक्की समजा. आमच्या सरांनी लगेच कागद आणि डिंक आणला. "बेटा, चिपका दे, बाद में निकाल लेना," ते कळवळून म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

मी मामांकडे पाहिलं. तक्ता न्यायला सोबत आलेले ते भिंतीशी स्टुलावर बसले होते. मला वाटलं, आता हे परीक्षकांशी भांडतील आणि माझी सुटका होईल. ते जागचे उठले नाहीत.

"मी चुकलो तवा साऱ्या जहाजाले सांगितलं," ते म्हणाले. "हे तं चूक बी नाही. मंग झाकाचं काहून?" मग म्हणाले, "पण फॉर्म तुझा हाय, पोट्टी. मले त्याच्यात काही गमवाचं नाही."

मी डिंकाची बाटली सरांना परत दिली. परीक्षक आले, त्यांनी पाहिलं, पुढे गेले. निवड पलीकडच्या टेबलावरच्या ज्वालामुखीची झाली. घरी जाताना मी मामांना मागे टाकून पुढे चालत राहिले. बाबांनी त्याच आठवड्यात डिप्लोमाचा फॉर्म आणून ठेवला.

रविवारी सकाळी गल्लीत गलका ऐकू आला म्हणून बाहेर आले. मामांनी ती सगळी गुंडाळी आपल्या दारापासून थेट देवळापर्यंत फर्शीवर उलगडली होती आणि जागोजागी दगड ठेवले होते. दर्शनाला निघालेल्या बाया साडी सावरून कडेकडेने चालत होत्या. सायकलवाले उतरून सायकल हातात घेत होते. "इसमें देखना क्या है, भैया?" असं एकाने विचारल्यावर मामांनी त्याचा दंड धरून त्याला कागदाच्या एका टोकापासून चालवत नेलं. हा दिवस, ही संध्याकाळ, हे बघ निघाले वर. दुपारपर्यंत अर्धा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, चालून गेला. मामांचा आवाज बसला, पण त्यांनी कागद उचलला नाही.

बाबा शिफ्ट संपवून चारच्या सुमारास आले. गाडी कोपऱ्यावर लावून ते पट्टीच्या कडेने चालले. देवळापर्यंत गेले, परत आले, तिथून पुन्हा गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"हे खरंच वर येते?" त्यांनी मामांना विचारलं.

"रोज येते, भाऊजी," मामा म्हणाले. "कोणी पाहो का नाही पाहो."

बाबांनी वाकून कागदावरचा एक सरकलेला दगड नीट ठेवला. मग त्यांनी मला विचारलं, की त्या दुसऱ्या फॉर्मची शेवटची तारीख निघून तर नाही गेली.

समुद्राचंच शिकून मी अशाच एका पाहणीच्या जहाजावर लागले, आणि बऱ्याच वर्षांनी मामा वारल्याचं मला तिथेच कळलं. किनारा चार दिवसांवर होता, पोहोचणं शक्य नव्हतं. आईचा निरोप दुपारी आला आणि सूर्य कलताना इको साउंडरवर माझी पाळी लागत होती. आमचे प्रमुख भले गृहस्थ आहेत, ते म्हणाले, तू केबिनमध्ये जा, आज दुसरं कोणी बसेल. मी नको म्हटलं, आणि जरा तडकूनच म्हटलं. गावाकडे लोक हळहळत असणार, की एवढा समुद्रावर फिरलेला माणूस शेवटी पंखे दुरुस्त करत वाया गेला. माझ्या जागी दुसरं कोणी बसलं असतं तर मीही त्या हळहळणाऱ्यांत जमा झाले असते.

आता कागद नसतो, स्क्रीन असतो. उजेड उतरू लागला तसा खालचा थर हलला आणि सगळ्या रुंदीने वर सरकू लागला. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, त्या मी पुसल्या नाहीत. "मामा, येऊन राहिले," मी मोठ्याने म्हटलं. शेजारच्या सहकाऱ्याला मराठी येत नव्हतं, त्याने वळून पाहिलं. मी थराची वेळ लिहिली, खोली लिहिली, आणि पाळी संपेपर्यंत खुर्चीवरून उठले नाही.