परबबाईंची दोरी

घाटकोपरच्या आमच्या चाळीत कपडे काठीने वाळत घालत. गॅलरीच्या छताखाली, दाराच्या चौकटीपेक्षाही वर, प्रत्येक खोलीची एक दोरी होती. ओला कपडा काठीच्या टोकावर घ्यायचा, दोरीवर टाकायचा आणि त्याच काठीने पसरायचा. नवी सून आली की तिला हे जमतं की नाही, याकडे सगळ्या मजल्याचं लक्ष असे. माझ्या शेजारच्या खोलीतल्या परबबाई आयुष्यभर काठीच वापरत आल्या होत्या. एका हिवाळ्यात त्यांनी ती दाराआड उभी करून ठेवली आणि पाटावर उभं राहून हाताने कपडे वाळत घालायला सुरुवात केली.

परब हे त्यांचं खरं आडनाव नाही. खरं लिहिलेलं त्यांना चाललं नसतं.

त्या मूळच्या कुडाळकडच्या. एका औषध कंपनीत पॅकिंगला नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाल्या. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नव्हतं. गावी भाऊ, त्याचा मुलगा आणि सून. गणपतीला त्या गावी जात आणि परत येताना मजल्यावरच्या प्रत्येक घरासाठी कोकमं आणत. त्यांच्या दारावरून जाणाऱ्या कोणालाही "जेवलंस काय गो?" असं विचारत. त्यांना मात्र कोणी काही विचारलं की उत्तर ठरलेलं असे. गॅस संपला, पाणी आलं नाही, ताप आला, काहीही असो, "माझा मी बघतंय."

मी वर्तमानपत्रात काम करत होते आणि दुपारी निघत असे. त्यामुळे सकाळची गॅलरी मला पाठ होती. त्या हिवाळ्यात मला दोन गोष्टी खटकल्या. परबबाई रोज कपडे वाळत घालत होत्या आणि रोज कपडे तेच होते. एक हिरवी चादर, दोन टॉवेल, एक परकर. एकट्या बाईच्या घरात रोज एवढं धुणं निघत नाही. दुसरं म्हणजे त्या फक्त डावा हात वापरत. चादर दोरीला लागेपर्यंत ओठ आवळलेले असत. एकदा चादर वाळल्यावर त्यांनी ती खाली काढली, बादलीत बुडवली, पिळली आणि पुन्हा वर टाकली. माझ्याकडे लक्ष गेल्यावर म्हणाल्या, "डाग रवलो होतो."

चादरीवर डाग नव्हता.

पदर घेण्याची त्यांची पद्धतही बदलली होती. पूर्वी खांद्यावर पिन लावून चापूनचोपून घेतलेला पदर आता दोन्ही खांद्यांवरून लपेटलेला असे. आमच्या समोरच्या देसाईकाकूंनी त्याचा अर्थ लावून टाकला. "काय परबबाई, भजनाला लागलात की काय? अगदी माताजी दिसताय."

"हां, तूच पयली भक्तीण," परबबाई म्हणाल्या. "उद्या येताना नारळ घेऊन ये."

देसाईकाकू हसत आत गेल्या आणि विषय तिथेच संपला. असे विषय संपवण्यात परबबाई तरबेज होत्या.

मी सरळ विचारलं. बातमीसाठी अनोळखी माणसांना नको ते प्रश्न विचारायची सवय होती, पण इथे मला दोन-तीन दिवस लागले. त्या दार लोटून आत गेल्या, मलाही आत घेतलं आणि स्टुलावर बसवलं. मग सांगितलं. दिवाळीपूर्वी त्या "भाच्याकडे" जाते म्हणून गेल्या होत्या, तेव्हा खरं तर त्या मुलुंडच्या बाजूच्या एका रुग्णालयात होत्या. डावा स्तन काढला होता. हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. "एक बाजू काढल्यांनी," एवढंच म्हणाल्या. ब्लाउजच्या आत कापडाची शिवलेली पिशवी घालत, तिच्यात राई भरलेली होती. जखम भरली होती. आता किरणोपचार व्हायचे होते, पण काखेतल्या गाठी काढल्यापासून हात खांद्याच्या वर जात नव्हता.

"यंत्राखाली आडवा झाल्यार हात डोक्याच्या वर ठेवूचो लागता. टेकू असता थय. हात नाय गेलो तर माका घेणत नाय."

डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. जखम भरल्यावर फार थांबता येणार नव्हतं आणि हात वर गेल्याशिवाय सुरुवातही करता येणार नव्हती. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला सांगितलं होतं.

"भिंतीर बोटां चालवून काय मिळता? येडी दिसतंय मी. कायतरी काम केल्यासारखा वाटूक होया."

म्हणून चादर. रोज तीच, कारण दुसरं धुणंच नव्हतं.

"गावी सांगितलंत?"

"कोणाक कित्याक तरास? भाऊ म्हातारो झालो. सून अजून पोर असा. तूपण सांगू नको हां कोणाक."

मी सांगणार नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी आमच्या चौघांच्या कपड्यांची पिळलेली बादली त्यांच्या दाराशी ठेवली. त्यांनी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुझ्या घोवाची जीन भिजल्यार म्हशीएवढी जड होता. ती तूच घाल," म्हणाल्या आणि पाटावर चढल्या.

महिनाभर आमचे कपडे परबबाईंनी वाळत घातले. मजल्यावर चर्चा झाली. मी म्हाताऱ्या बाईला राबवून घेते, असं एक मत होतं. परबबाई पैशांना अडल्या असाव्यात, असं दुसरं. देसाईकाकूंनी तर एका दुपारी झाकून डाळ-भात आणून ठेवला. परबबाईंनी तो खाल्ला, भांडं घासून परत केलं आणि वर सुनावलं, "मीठ कमी होता." कोणाचाही गैरसमज त्यांनी दूर केला नाही. गरीब समजलं तरी चालेल, आजारी समजायला नको, असा त्यांचा हिशेब असावा. आधी रुमाल, मग सदरे, मग चादरी. हात किती वर गेला हे त्या सांगत नसत, पण मला गॅलरीतून दिसत असे. सुरुवातीला कपडा दोरीवर फेकावा लागे. पुढे तो ठेवता येऊ लागला.

एका सकाळी त्या रुग्णालयातून परत आल्या आणि कुलूप न काढता आधी माझ्या दाराशी थांबल्या. "गेलो," म्हणाल्या. "टेकूवर जाऊन बसलो गो हात."

त्याच दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याची जीन वाळत घातली.

उपचार सुरू झाले. शनिवार-रविवार सोडून रोज जायचं. त्या रिक्षाने एकट्या जात आणि एकट्या येत. छातीवर शाईच्या रेघा काढल्या होत्या, त्या पुसायच्या नव्हत्या. त्यामुळे साबण बंद, पावडर बंद, राईची पिशवीही बंद. एकदा गळ्याशी आलेली जांभळी रेघ देसाईकाकूंना दिसली. "शाई लागली वाटतं," त्या म्हणाल्या. परबबाई म्हणाल्या, "मतदान केलंय."

शेवटच्या टप्प्यात काखेतली कातडी काळी पडली आणि सोलवटली. रिक्षात बसल्यावर दांडा धरायलाही हात उचलवत नव्हता. एका सकाळी त्या चाळीखाली आल्या तेव्हा मी रिक्षात आधीच बसले होते.

"उतर."

"नाही उतरत."

"माझा मी बघतंय गो."

"बघा की. मी नुसती बसते."

त्या चढल्या आणि मला सरकवून बसल्या.

किरणोपचाराचा विभाग तळघरात होता. बाहेर बाकांवर बायका बसलेल्या, बहुतेकींबरोबर कोणी ना कोणी. परबबाईंना नावाने हाक आली, त्या आत गेल्या. थोड्या वेळाने तंत्रज्ञ बाहेर आले आणि जाड दार सरकत बंद झालं. दारावरचा लाल दिवा लागला. आत आता त्या एकट्याच होत्या. काचेआडच्या पडद्यावर त्या दिसतात, असं एका तंत्रज्ञाने मला सांगितलं. मी पाहायला गेले नाही.

परतताना मी विचारलं, आत भीती वाटते का?

रस्त्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "सगळी बाहेर जातत. दार लावतत. मगे ता यंत्र माझ्या भोवती फिरता. घुर्र घुर्र आवाज येता. डोळे मिटले काय वाटता, घरात कोणतरी वावरता."



उपचार संपल्याचं सोमवारी सकाळी कळलं. नेहमीच्या वेळी त्या तयार होऊन, दाराला कुलूप लावून, पिशवी मांडीवर घेऊन गॅलरीतल्या बाकावर बसल्या होत्या. मी म्हटलं, आज उशीर? "संपला," म्हणाल्या. "आता खय जावचा?" बऱ्याच वेळाने उठल्या, कुलूप काढलं आणि माझी बादली मागितली. उपचार संपले तरी व्यायाम सोडायचा नाही, नाहीतर हात पुन्हा आखडेल, असं त्यांना बजावलं होतं. चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होईपर्यंत आमचे कपडे त्याच वाळत घालत होत्या.

आम्ही कांदिवलीला भाड्याने गेलो. परबबाईंनी भाड्याची जागा घेतली नाही, त्या गावी भावाकडे गेल्या. महिन्यातून एखादा फोन येई. "जेवलंस काय?" पासून सुरुवात होई आणि दोन मिनिटांत संपे. एकदा मी हाताबद्दल विचारलं.

"हयसर दोरी खाली असा गो. खळ्यात, माझ्या छातीएवढी. त्यांका सांगलंय, वर बांधा म्हणान. हसाक लागली. म्हणतत, आत्याक मुंबयची सवय."

"मग खरं कारण सांगा ना त्यांना."

"ऱ्हवांदे. कोणाक कित्याक तरास?"

हात कसा आहे, ते त्यांनी सांगितलं नाही.

दोन पावसाळ्यांनी त्या गेल्या. ताप आला, तो छातीत उतरला, तालुक्याला नेईपर्यंत उशीर झाला. आठवड्याने त्यांच्या भाच्याच्या बायकोचा फोन आला. तिला माझा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये सापडला होता. ती हळू आवाजात बोलत होती, घरातलं कोणी ऐकू नये अशी.

"आत्याक आम्ही बायकांनी आंघोळ घातली. तेव्हा दिसला. आमका कोणाक म्हायत नव्हता. तुमका होता?"

मी हो म्हटलं.

"डावो हात सरळच होईना. आखडलेलो." मग म्हणाली, "एक विचारू? आत्या सारखी म्हणायची, दोरी वर बांधा, दोरी वर बांधा. आम्ही मस्करी करायचो. कित्याक होयी होती त्यांका दोरी वर?"

मी सांगितलं. चादर, बादली, टेकू, सगळं क्रमाने सांगितलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"इतक्याचसाठी?" तिने विचारलं.

मी म्हटलं, हो. इतक्याचसाठी.