सासऱ्यापुढे बोललेली सून

घरोघरी फिरून बायाबाळांच्या तब्येती बघणारी आशाताई नेमायची तर गावची सूनच हवी, असं सरकारचं धोरण. लेक लग्न होऊन जाते, सून कुठे जाणार मरायला! हे ज्यांनी ठरवलं त्यांनी डोक्यावर पदर कधी घेतला नसावा. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात निम्मे कर्ते पुरुष मला सासरे नाहीतर जेठ, म्हणजे थोरले दीर, लागतात, आणि त्यांच्याशी सून थेट बोलत नाही. मी इथली आशा; काम सगळं बोलण्याचं आणि तोंडालाच कुलूप.

गेल्या वर्षी चुलत सासऱ्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला बोदवडहून माहेरी आली. आठवा महिना, चेहरा सुजलेला, डोकं ठणकत होतं. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी बीपी पाहिलं आणि म्हणाल्या, आत्ताच जळगावला हलवा. मी दवाखान्याच्या गाडीला फोन केला आणि घरच्यांना सांगायला तिला घरी आणलं. आबा, म्हणजे चुलत सासरे, ओट्यावर बसले होते. मी दाराआड उभी राहून चुलत सासूबाईंना म्हटलं, "काकी, आबास्ले सांगा, पोरना जीवले धोका शे. आत्तेच लई जानं पडी."

काकी बाहेर जाऊन म्हणाल्या, "ती म्हनस, पोरले जरा सूज शे."

मला सगळं ऐकू येत होतं. असा संताप आला की काय सांगू! आबा काकींनाच म्हणाले, "तिना सासरले इचारसूत. सकाय देखू." म्हणजे सकाळपर्यंत थांबायचं!

गाडी येऊन उभी राहिली, ड्रायव्हर कटकट करू लागला. पण घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय पोरीला नेणार कोण? मी पुन्हा सांगितलं, काकींनी पुन्हा त्यातलं तिखट काढून पोचवलं. बोदवडचा फोन कुणी उचलेना. आतून पोर ओरडली, "वहिनी, मले काहीच दिसत नही!"

मी ओट्यावर गेले. "आबा, तुमनी पोर मरी जाई! गाडीमा बसाडा तिले!" पदर कुठे होता, देव जाणे. आबा उठले आणि पोरीला उचलायला आत गेले.

जळगावला पोर वाचली, बाळ गेलं. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून पोटभर रडले.

गावात बोभाटा झाला तो बाळाचा नाही, माझ्या तोंडाचा. सासऱ्यापुढे ओरडणारी बाई आपल्या सुनेला काय शिकवेल, म्हणून घरोघरी मला ओट्यावरूनच वाटेला लावू लागले. आरोग्य केंद्राच्या मीटिंगमध्ये साहेब विचारतात, "ताई, तुमचं काम एवढं का घसरलं?" आणि मला पुन्हा प्रशिक्षणाला पाठवतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. रात्री झोप लागत नाही.

परवा शेजारणीने सांगितलं, मागच्या गल्लीतल्या गरोदर सुनेचे पाय सुजलेत. मी लगेच गेले, कडी वाजवली. आत सासू काहीतरी कुजबुजली. मग ती पोरच धापा टाकत दाराशी आली आणि कडी न काढता म्हणाली, "ताई, घरमा कोनी नही शे."